कानचं बक्षीस मिळाल्यावर कुनुक मागे गेले का?

रीळतुटली

नमस्कार मंडळी. चित्रपट रसग्रहणाच्या वर्गात एका दिग्दर्शकाच्या सबंध कारकिर्दीवर निबंध लिहायला सांगितलाय. नेहमीची मोठी नावं बाकीच्यांनी पहिल्याच दिवशी पळवली. मी झॅकरायस कुनुक घेतले. ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी: कॅनडाच्या पार उत्तरेला नुनावुत म्हणून प्रदेश आहे, तिथल्या इग्लूलिक बेटावर दोनेक हजार वस्तीचं गाव आहे, तिथले हे इनुइट (म्हणजे तिकडच्या मूळनिवासी समाजातले) दिग्दर्शक. त्यांच्या ‘अतानार्जुआत’ला २००१ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात कॅमेरा द'ऑर मिळाला, म्हणजे पदार्पणातल्या सर्वोत्तम सिनेमाचं बक्षीस. इनुइटांच्या इनुक्टिटूट भाषेत लिहिलेला, त्याच भाषेत घडणारा तो पहिला कथापट. बर्फावरून नागडा पळत सुटलेला माणूस ज्याने एकदा पाहिला तो विसरायचा नाही.

माझी गाडी त्यापुढे अडली आहे. वहीत कारकिर्दीचा आलेख काढला. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ, मग टीव्ही मालिका, मग २००१ ला एकदम शिखर. २००६ ला आणखी एक कथापट. आणि मग? वेबसाइट. हवामानावर माहितीपट. कुठल्याशा खाणीच्या सुनावणीत रेडिओ. बाहुल्यांचा अॅनिमेशनपट. आणि २०२१ मध्ये चक्क टीव्ही चॅनल, म्हणजे निघाले तिथेच परत! मध्येमध्ये कथापट आहेत, नाही असं नाही, पण एकूण रेघ मला उतरणीला लागल्यासारखी दिसते. आणि तसं लिहायला मन धजत नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इतक्या माध्यमांत फिरलेल्या माणसाचं काम एकत्र कसं वाचायचं? आणि सगळं बघायला वेळ नाही (निबंध पुढच्या शुक्रवारी द्यायचाय), तर ‘अतानार्जुआत’ सोडून नेमकं काय बघू?

शेवंती

मी फक्त ‘अतानार्जुआत’ पाहिलाय. जवळजवळ तीन तासांचा आहे आणि पहिला अर्धा तास मला कोण कोणाचा भाऊ तेच कळत नव्हतं. मग कळलं आणि सुटका नाही. उतरण वगैरे मला ठाऊक नाही, पण ज्याने असा एक सिनेमा केला त्याने पुढे कोबीची शेती केली असती तरी चाललं असतं. कात्रीवाला आहेत का इथे? त्यांना बोलवा.

कात्रीवाला

आलो. शेवंतीताई, धन्यवाद, पण कोबी तिथे उगवायचा नाही.

रीळतुटली, तुमच्या आलेखातल्या आडव्या रेघेवर वर्षं आहेत, ते कळलं. उभ्या रेघेवर काय आहे? पडद्याची रुंदी? बक्षिसं? ते आधी ठरवा, कारण उतरण तिथून आली आहे.

मी संकलक. तीस वर्षं झाली, त्यातली निम्मी माहितीपटांत गेली. कुनुकचं काम मी आधी धंद्यासाठी बघायला लागलो, ज्या भाषेचा एक शब्द कळत नाही ती कापायची कशी हे शिकायला. नंतर सवय लागली.

सुरुवातीपासून सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. कुनुकचा जन्म १९५७ चा, कापुइविक नावाच्या जागी, गवताळ मातीच्या घरात राहणाऱ्या शिकारी कुटुंबात. १९६६ मध्ये, नवव्या वर्षी, सरकारी शाळेसाठी त्याला इग्लूलिकला आणलं. तिथल्या सभागृहात सिनेमे लागायचे. तिकीट २५ सेंट. ते पैसे उभे करायला हा पोरगा शंखजिऱ्याच्या मऊ दगडात छोटी शिल्पं कोरून विकायचा. पडद्यावर हॉलिवूडचा नट जॉन वेन. घोडेस्वार सैनिक आणि समोर मरणारे मूळनिवासी. तेव्हा आपण सैनिकांच्या बाजूने होतो असं त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, खाली लागेल.

आता टीव्ही. उपग्रहावरून उत्तरेत टीव्ही येऊ लागला तेव्हा इग्लूलिकने गावात मतदान घेतलं आणि नको म्हणून सांगितलं. १९७५ ला एकदा, १९७९ ला पुन्हा. कारण साधं होतं: त्या डब्यात इनुक्टिटूट भाषेतलं काहीच नव्हतं. असं गाव मी दुसरं ऐकलेलं नाही. १९८१ मध्ये कुनुक आपली तीन शिल्पं घेऊन मॉन्ट्रियलला गेला, विकली, आणि येताना व्हिडिओ कॅमेरा, रेकॉर्डर आणि २६ इंची टीव्ही घेऊन आला. कशासाठी? वडील आणि त्यांचे सोबती शिकारीहून आले की चहा पितापिता शिकारीच्या गोष्टी सांगायचे, त्या धरून ठेवायला. घरी चित्रण लावलं की गावातली पोरं खिडकीला येऊन चिकटायची. गावात टीव्ही नाही आणि खिडकीत टीव्ही! त्याचा पहिला प्रेक्षकवर्ग तो, काचेला नाक लावून उभा असलेला.

पुढे इनुइट प्रसारण संस्थेत त्याने नोकरी केली. तिथे भाषा आपली होती, पण निर्णय ओटावात व्हायचे. १९९० मध्ये तो, पॉल अपाक, गावातले ज्येष्ठ पॉलूसी कुलिटालिक आणि न्यूयॉर्कहून येऊन राहिलेला व्हिडिओ कलावंत नॉर्मन कोन, अशा चौघांनी ‘इसुमा’ ही निर्मिती संस्था काढली. इसुमा म्हणजे विचार, विचार करणं.

तुम्ही ‘मग टीव्ही मालिका’ असं तीन शब्दांत उरकलंत ना, ती थांबून बघा. ‘नुनावुत’, १९९४-९५, अर्ध्या अर्ध्या तासाचे १३ भाग. काळ १९४५-४६ चा, लोक अजून वस्तीत येऊन राहिले नव्हते तेव्हाचा. गावकरी आपल्याच आईबापांच्या, आजी-आजोबांच्या भूमिकेत. आधी लिहून दिलेले संवाद नाहीत, आणि वरून समजावून सांगणारा निवेदक तर नाहीच. एक भाग म्हणजे बहुधा एक काम: कुत्र्यांची गाडी, दगडमातीचं घर, वॉलरसची शिकार, कॅरिबूची (तिकडच्या रानटी रेनडियरची) शिकार. शेवटचा भाग १९४६ चा नाताळ. घर बांधायच्या भागात दगडावर दगड, मधे ढेकळं, आणि कोणालाच कसली घाई नाही. पहिल्यांदा बघताना माझा हात सारखा कात्रीकडे जात होता. इथे कापला असता, इथे कापला असता. दुसऱ्यांदा बघताना उजेड पडला की कापलं असतं तर ते घर कसं बांधायचं ते कळलंच नसतं. इग्लूलिकच्या पोराला ते कळायला हवं होतं.

इथे माझं एक उणंदुणं. खूप वर्षांपूर्वी एका वस्तीवरचा माहितीपट मी कापला. नाव नको. त्यात एक म्हातारे गृहस्थ होते, बोलायला फार गोड, पण मुद्द्यावर यायला चार मिनिटं घ्यायचे. मी त्यांचा आवाज खाली नेला आणि वर निवेदकाचा भरदार आवाज चढवला. महोत्सवांत कौतुक झालं. दोन वर्षांनी तो सिनेमा त्याच वस्तीत चादर बांधून दाखवला. संपल्यावर गृहस्थ माझ्याजवळ आले, रागावलेले अजिबात नव्हते, आणि म्हणाले, “माझे ओठ हलतात, पण बोलतंय दुसरंच कोणीतरी. मी काय म्हणालो होतो ते आहे का तुमच्याकडे?” नव्हतं. टेपवर दुसरं चित्रण झालं होतं.

असो. तर ‘अतानार्जुआत’. मूळ लोककथा अपाकने आठ ज्येष्ठांकडून ऐकून ध्वनिमुद्रित केली, त्यावरून पटकथा झाली. मधे पैसे संपले आणि चित्रीकरण थांबलं. १९९८ मध्ये अपाक गेला, पुरा झालेला सिनेमा त्याने पाहिला नाही. चित्रण व्हिडिओवरच, नंतर ते ३५ मिलिमीटर फिल्मवर चढवलं. आणि पहिला खेळ कुठे? डिसेंबर २००० मध्ये इग्लूलिकला. कान त्यानंतर पाच महिन्यांनी. तुमच्या वहीत क्रम उलटा लागला असेल तर तेवढा सुलटा करा.

पुढची यादी या नजरेने वाचून बघा. २००८ ची वेबसाइट: मूळनिवासी लोकांचे व्हिडिओ त्यांच्या त्यांच्या भाषेत. पण उत्तरेत इंटरनेट इतकं मंद की व्हिडिओ चालेना, म्हणून गावोगावी स्थानिक सर्व्हरचे डबे बसवले, सिनेमे त्यात साठवून ठेवायचे. हे काम दिग्दर्शकाच्या माहितीत कोणी छापत नाही. २०१० चा हवामानावरचा माहितीपट: त्यात ज्येष्ठ सांगतात की सूर्य पूर्वीच्या जागी मावळत नाही. शास्त्रज्ञांना ते पटेना. मग पुढे आलेला खुलासा असा की हवेच्या थरांचं तापमान बदललं की प्रकाशाचं वक्रीभवन बदलतं आणि क्षितिजावरचा सूर्य भलतीकडे दिसतो. म्हातारे बघत होते ते खरं होतं. २०१२ ची मेरी नदीवरच्या लोखंडाच्या खाणीची सुनावणी: कागद हजारो पानांचे आणि इंग्रजीत, शिकारी लोकांनी वाचायचे कसे? तेव्हा रेडिओवर लोकांना बोलतं केलं, सुनावणी वेबवरून दाखवली, आणि कुनुकने स्वतः रीतसर आपलं म्हणणं मांडलं. तिथे कथापट घेऊन काय करणार होता?

आणि २०२१ च्या जानेवारीत ‘उवागुत टीव्ही’. चोवीस तास इनुइटांच्या भाषेत. ज्या गावाने भाषा नाही म्हणून टीव्ही दोनदा परत पाठवला, त्या गावच्या माणसाने ४० वर्षं खपून भाषेने भरलेला टीव्ही आणून दिला. तुम्ही याला ‘निघाले तिथेच परत’ म्हणालात. परत आले हे खरं आहे, फक्त हात भरून आले.

तिरका कोन

कात्रीवाला, लिहिलंय छान, पण जरा आरती झाली. तीन शंका.

एक. ‘आपल्या लोकांची गोष्ट आपल्या लोकांनी’ असा तुमचा एकूण सूर, आणि ‘अतानार्जुआत’चा छायालेखक कोण? नॉर्मन कोन, न्यूयॉर्कचा. डोळा कोणाचा मग?

दोन. ज्येष्ठांकडून ऐकलेल्या कथेत शेवटी नायक सूड घेतो, डोकी फोडतो. सिनेमात तो हात आवरतो आणि खून इथेच थांबले म्हणतो. मग कथा धरून ठेवली की सुधारून घेतली? मूळ कथा तशीच ठेवायला काय अडचण होती?

तीन, आणि हे रीळतुटली यांनी निबंधात घ्यावंच. २०११ मध्ये कर्जापायी इसुमाच्या मूळ निर्मिती कंपनीचा ताबा रिसीव्हरकडे, म्हणजे देणी वसूल करणाऱ्या प्रशासकाकडे गेला. वेबसाइट, सर्व्हरचे डबे, रेडिओ, हे सगळं उदात्त आहे, पण पैसा येत नाही, आणि जवळपास सगळा खर्च सरकारी निधीवर. उतरण म्हणायला हरकत काय? कलात्मक नसेल, आर्थिक तर आहे.

कात्रीवाला

तिसऱ्यापासून घेतो, कारण तिथे मला हार मानायची आहे. कर्जाचं मी काही गोड करून सांगणार नाही. गावातल्या लोकांची रोजी त्या कंपनीवर होती. काम पुढे दुसऱ्या कंपनीच्या नावाने चालू राहिलं, म्हणून झालेलं नुकसान भरून निघत नाही. निबंधात हे जरूर यावं. फक्त एक पुस्ती: ‘अतानार्जुआत’ सुमारे २० लाख कॅनेडियन डॉलरमध्ये झाला, आणि त्यासाठीसुद्धा झगडावं लागलं, कारण तेव्हा सरकारी निधीत इंग्रजी-फ्रेंच सिनेमांचा कप्पा मोठा आणि मूळनिवासी भाषांचा वेगळा, चिमुकला. पैशाची अडचण टीव्हीमुळे किंवा वेबमुळे आली नाही. ती पहिल्यापासून घरातच होती.

नॉर्मन कोनबद्दल: लपवायचं काही नाही. त्याचं नाव श्रेयनामावलीत ठळक आहे, आणि तो इग्लूलिकला येऊन वर्षानुवर्षं राहिला. कंपनीचा बहुतांश हिस्सा इनुइटांचा होता. ‘डोळा कोणाचा’ हा प्रश्न मात्र चांगला आहे, मीही तो स्वतःला विचारलाय आणि अजून पुरतं उत्तर नाही. त्याच गावात १९९१ पासून ‘आर्नाइत’ हा बायकांचा व्हिडिओ गट काम करतोय. त्यांचा २००८ चा ‘बिफोर टुमारो’ बघा, मग पुरुषांच्या कॅमेऱ्यात काय निसटत होतं ते दिसेल. माझ्या मते कोनपेक्षा ती फट मोठी होती.

शेवट बदलण्याचं: आठ ज्येष्ठ म्हटल्यावर कथा आठ होतात हो. कुनुकचं म्हणणं असं की प्रत्येक पिढी आपली आवृत्ती करते, आणि आजच्या पिढीला सूड संपवणारी हवी. पटो न पटो. रामायण किती आहेत ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता रीळतुटलींचा दुसरा प्रश्न, जो मी मघाशी विसरलो. एकच बघायचा तर २०१९ चा ‘वन डे इन द लाइफ ऑफ नोआ पिउगाटुक’. त्या वर्षी व्हेनिस द्वैवार्षिकीत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, कॅनडाच्या दालनात इसुमा होती, तिथे हा दाखवला. १९६१ साल. कापुइविकजवळ बर्फावर नोआ आपल्या माणसांसोबत शिकारीला निघालाय. एक सरकारी माणूस येतो, त्याला सगळे ‘बॉस’ म्हणतात, सोबत दुभाषा. बॉसचं म्हणणं: वस्तीत राहायला चला, पोरं शाळेत घाला. चहा होतो, बिस्किटं निघतात, आणि बोलणं चालूच राहतं, चालूच राहतं. चित्रपटाचा मोठा भाग म्हणजे हे बोलणं.

गंमत उपशीर्षकांत आहे. बॉसचं इंग्रजी आपल्याला कळतं, दुभाषा इनुक्टिटूटमध्ये काय सांगतो ते खाली वाचायला मिळतं, आणि दोन्ही जुळत नाहीत. तिथे उभ्या असलेल्यांपैकी कोणालाच पूर्ण संभाषण मिळत नाही, फक्त वाचणाऱ्याला मिळतं. मी जन्मभर उपशीर्षक म्हणजे खाली चिकटवायची पट्टी समजत आलो. इथे ती नसेल तर सिनेमाच नाही.

आणि हे गणित घाला: १९६१ मध्ये कुनुक तीन-चार वर्षांचा, कापुइविकचा. पाच वर्षांनी त्याला शाळेसाठी उचलून इग्लूलिकला आणलं. बॉस कोणाच्या पोरांबद्दल बोलतोय ते कळलं ना.

वेळ उरला तर ‘मालिग्लुतित’, २०१६. आपली माणसं पळवून नेणाऱ्यांचा पाठलाग. आराखडा जॉन वेनच्या ‘द सर्चर्स’चा, फक्त आता सगळे इनुइट आहेत, गोरा माणूस औषधाला नाही. २५ सेंटचं तिकीट त्याने पन्नास वर्षांनी वसूल केलं.

तिरका कोन

रामायणाचा मुद्दा मान्य. कोनचा नाही, पण तुम्हीच अर्धवट सोडलाय म्हटल्यावर भांडायचं कोणाशी? आर्नाइतचं नाव नवीन कळलं, बघतो.

रीळतुटली

काल रात्री नोआ बघितला. दुपारी ‘नुनावुत’चे दोन भाग.

कात्रीवाला दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी उपशीर्षकं एरवीसारखी भरभर वाचून टाकली असती. यावेळी दुभाष्याचीच वाक्यं वहीत टिपत बसले. एका जागी बॉस भलं मोठं भाषण ठोकतो आणि दुभाषा ते दोन वाक्यांत आटपतो. मला हसू आलं, मग वाटलं, हसण्यासारखं नाहीये. आणि नोआ नाही म्हणतो ते किती सावकाश म्हणतो! आवाज चढत नाही, चहाचा कप खाली जात नाही. आईने अर्ध्यातून येऊन विचारलं, “हे अजून बोलतायतच का?” आणि मग उभ्याउभ्या शेवटपर्यंत बघितलं.

आलेखाचं पान फाडलं. त्याऐवजी दोन रकाने केलेत, डावीकडे काय केलं, उजवीकडे ते सर्वांत आधी कोणी बघावं म्हणून केलं. उजवा रकाना बराचसा एकच निघाला. २०११ चं कर्ज आणि कोनचा डोळा, दोन्ही घेतेय. तिरका कोन, आभार. त्यामुळे निबंध सरांना जरा कमी गोग्गोड वाटेल.

एक शब्द मात्र अडलाय. ‘उवागुत’चा अर्थ ‘वुई’ असा दिलेला सापडला. मराठीत काय लिहू, ‘आम्ही’ की ‘आपण’? मी ‘आपण’ लिहिलं होतं, ऐकायला बरं वाटतं म्हणून.

कात्रीवाला

मी असतो तर ‘आम्ही’. ‘आपण’ म्हटलं की त्यात तुम्ही-मीही येऊन बसतो, आणि तो चॅनल आपल्यासाठी काढलेला नाही. आपण खिडकीतून बघतोय.

तेरा भागांची नावं मात्र मूळच ठेवा, भाषांतर करू नका. आणि ‘नुनावुत’चे उरलेले अकरा भाग शुक्रवारनंतर.